धुतलेली शांतता

माझ्या मुलीचं खरं नाव काय ठेवायचं यावर घरात एकमत होत नव्हतं. सासूबाईंचं एक, माझ्या आईचं एक आणि नवऱ्याचं रोज नवं. तोवर आम्ही तिला ठमी म्हणत होतो आणि ती त्या नावाला खुशाल हुंकार देत होती. अशात रजा संपवून मी कामावर गेले, तर तिथेही नावाचंच घाटत होतं. फरक एवढाच, की ज्याचं नाव बदलायचं होतं ते बाळ शाळेत जाण्याच्या वयाचं झालं होतं आणि त्याला आपलं नाव चांगलं ठाऊक होतं.

आमच्या वाहिनीवर दर रविवारी 'धांडोळा' लागतो. घोटाळे, निवडणुका, युद्धं, आणि शेवटी डोळे पुसायला एखादी हळवी गोष्ट. भारदस्त काम. त्याच्या चित्रीकरणात पुष्कळ काही उरायचं. कारखान्याच्या बातमीला गेलेल्या मंडळींना फाटकावरचा पहारेकरी भेटायचा आणि तो मालकापेक्षा सरस बोलायचा. पण 'धांडोळ्या'त त्याला जागा कुठली? ही उरलेली माणसं गोळा करून आमच्या बाईंनी बुधवारी संध्याकाळी एक धाकटा कार्यक्रम सुरू केला आणि त्याचं नाव ठेवलं 'उरलंसुरलं'. बाई म्हणजे निवेदिका. टीव्हीवर येण्याआधी त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळ्यांच्याच बाई. मी तिथे एडिटर, म्हणजे काय ठेवायचं आणि काय कापायचं ते ठरवून गोष्ट जोडणारी.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. मुलाखत संपली की ध्वनिमुद्रक त्या खोलीचा नुसता आवाज मिनिटभर टिपून घेतो. दोन वाक्यं जोडताना मध्ये फट पडते, ती त्या खोलीच्याच शांततेने बुजवावी लागते, नाहीतर ऐकणाऱ्याच्या कानाला ठेच लागते. त्या मिनिटात कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. एरवी तेवढ्या वेळात कॅमेरा बंद करतात. आमच्याकडे एकदा तो बंद करायचा राहून गेला. समोर एक धोबीण बसली होती. बोलताना ती हसत होती, हातवारे करत होती. गप्प बसायला सांगितल्यावर मात्र तिचा चेहरा हळूहळू तिचा स्वतःचा झाला. बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, मुलाखत तर आत्ता सुरू झाली."

तेव्हापासून 'उरलंसुरलं'मधली प्रत्येक गोष्ट त्या मिनिटातल्या चेहऱ्यावर संपायची. निवेदन नाही, संगीत नाही. माणूस आणि त्याची खोली. आमच्या ध्वनिमुद्रकाला सगळे 'मुनी' म्हणायला लागले. खरं तर तो गाडीत बसला की मुक्काम येईपर्यंत तोंड मिटत नसे.

माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा हे मुळीच पटलं नव्हतं. "तुमच्या कार्यक्रमात शेवटी आवाज जातो," त्या म्हणाल्या होत्या. "मला वाटलं टीव्ही बिघडला. मी दोनदा थोपटला." पुढे पुढे मात्र बुधवारी त्या मिनिटापुरता त्या हातातला कपडाही घडी न करता तसाच धरून बसायच्या.

रजेवर जाण्याआधी मी जोडलेली शेवटची गोष्ट पट्टेकाकांची होती. पट्टेवाला म्हटलं की कचेरीतला शिपाई डोळ्यांसमोर येतो. हे तसे पट्टेवाले नव्हेत. लोकांना रस्ता ओलांडता यावा म्हणून चौकाचौकात जे पांढरे पट्टे असतात, ते मारणारे हे काका. सगळी हयात त्यातच गेली. रंग तापवून ओतावा लागतो, त्याचा धूर खाली वाकलेल्या माणसाच्या नाकातोंडात जातो. निवृत्त झाले तेव्हा छातीचा भाता झाला होता. श्वास घेताना जुनं दार लोटल्यासारखा आवाज यायचा. मुलाखतीत बाईंनी विचारलं, लोक तुमच्या कामावर पाय देऊन जातात, वाईट नाही वाटत? काका म्हणाले, "त्यांनी खाली बघायचंच नसतं. समोर बघून चालता यावं म्हणून तर पट्टे." मग जरा थांबून म्हणाले, "पण एखाद्याने एकदा बघितलं असतं तर चाललं असतं."

हे वाक्य जोडताना मी अशी काही अवघडले होते, की खुर्ची टेबलापासून हातभर मागे घ्यावी लागायची. पोटातून ठमी लाथा मारत होती. रजेवरून परत येईन तोवर ही गोष्ट कधीच लागून गेलेली असणार, असं मी धरून चालले होते.

परत आल्यावर पहिल्याच सोमवारी फोन आला.

"ताई, मी पट्टे मारणाऱ्यांची बायको बोलतेय. या बुधवारी आहे का हो आमचं?"

त्या बुधवारी नव्हतं. नव्या नावाने कार्यक्रम सुरू होणार, म्हणून चांगल्या चांगल्या गोष्टी राखून ठेवल्या होत्या. मी तसं सांगितलं.

"बरं. मग पुढच्या सोमवारी करते. बाळ काय म्हणतंय?"

"तुम्हाला कसं कळलं काकू?"

"मुलाखतीच्या वेळी तुम्ही आला होतात की. जिना चढताना तुम्ही दमलात का हे दमलेत, मला कळेना."

बुधवारच्या गोष्टी सोमवारी ठरतात, हे मुनीने त्यांना गप्पांच्या ओघात सांगून ठेवलं होतं. त्यामुळे त्या सोमवारीच फोन करायच्या.

नव्या नावाची बैठक मला आठवते. नवे साहेब वयाने बाईंपेक्षा बरेच लहान, वागायला सभ्य, उगीच आवाज न चढवणारे. ते म्हणाले, "उरलंसुरलं म्हटलं की लोकांना काय आठवतं? काल रात्रीचं पातेलं."

"भूक लागलेला माणूस आधी तेच उघडतो," बाई म्हणाल्या.

साहेब हसले, पण पडद्यावर पुढचं चित्र आलंच. 'झेप'. अक्षरं तिरकी आणि 'प'च्या खालून वर निघालेला केशरी बाण.

"कुठून कुठे?" मुनीने विचारलं.

"म्हणजे?"

"झेप. कुठून कुठे घ्यायची? म्हणजे माईक कुठे धरायचा ते कळेल."

आठवडाभरात भिंती केशरी झाल्या. जुने कप गेले, बाणवाले आले. बाई म्हणाल्या, "बरं झालं. नाहीतरी माझ्या कपाचा कान तुटलेलाच होता." एका गोष्टीवर मात्र त्या अडून बसल्या. शेवटची शांतता राहणार. साहेबांनी ती निम्मी केली आणि मान्य केली. शिवाय सगळ्या गोष्टींना आता 'झळाळी' द्यायची असं ठरलं. त्यासाठी एक हुशार मुलगी आली होती. ती रंग उजळायची, आवाज स्वच्छ करायची. तिच्या संगणकात असं काही होतं, की पंख्याची घरघर, रस्त्यावरची गाडी, शेजारच्यांचा नळ, सगळं पुसून निघायचं.

पहिल्या 'झेप'च्या दिवशी आम्ही सगळे एडिटिंगच्या खोलीत टीव्हीसमोर उभे होतो. गोष्ट होती जुनी पुस्तकं शिवून देणाऱ्या एका आजींची. छान चालली. आजींनी दोरा दाताने तोडला, मांडीवर हात ठेवले, आणि शांतता सुरू झाली. आजींचा चेहरा नुकता कुठे सैल होत होता, तेवढ्यात पडदा निळा झाला. 'तांत्रिक कारणामुळे व्यत्यय. क्षमस्व.' आणि लगेच टूथपेस्टच्या जाहिरातीतलं कुटुंब दात दाखवत नाचायला लागलं.

मुनी चौकशीला धावला.

काय झालं ते तासाभरात उलगडलं. प्रक्षेपणाच्या खोलीत एक यंत्र असतं. काही सेकंद अजिबात आवाज आला नाही, की तार तुटली असं धरून ते आपोआप निळी पाटी लावतं. इतकी वर्षं आमच्या शांततेबद्दल त्याने कधी तक्रार केली नव्हती, कारण ती कधी रिकामी नव्हतीच. पंखा असायचा, लांबून कुत्रं भुंकायचं, भिंतीतून पाणी जायचं. यंत्राला तेवढं पुरायचं. या वेळी त्या मुलीने ती खोली धुऊन काढली होती. आत काहीच उरलं नव्हतं.

ती बिचारी रडकुंडीला आली. "मी फक्त खरखर काढली हो. चांगलंच करायला गेले."

"अगं, चूक कुणाचीच नाही," बाई तिला म्हणाल्या. "शांतता कुणी धुवेल असं आम्हाला तरी कुठे सुचलं होतं?"

साहेबांनाही सगळं समजावून सांगितलं. त्यांना पटलंही. पण ते म्हणाले, "कारण मला कळलं. घरी बसलेल्याला कळलं नाही. त्याला वाटलं, यांना नवा कार्यक्रम धड दाखवताही येत नाही. परत तो धोका नको." शांतता गेली. गोष्टी छोट्या झाल्या. पुढच्या बुधवारी पट्टेकाका ठरले होते. साहेबांनी ती गोष्ट पाहिली, पूर्ण पाहिली, आणि विचारलं, "चांगली आहे. पण यात झेप कुठे आहे?"

सोमवारी फोन आला.

"काकू, या बुधवारीही नाही."

"बरं."

"मी तुम्हाला ती पेन ड्राइव्हवर देऊ का? काकांना केव्हाही बघता येईल."

"असं आहे ताई. मी ह्यांना रोजच बघते. हे मला रोज बघतात. आम्हीच आम्हाला बघून काय करायचं? खालच्या मजल्यावरच्यांनी बघायला पाहिजे. दुकानवाल्याने बघायला पाहिजे. तुम्ही दाखवाल तेव्हाच दाखवा. फक्त हे असताना दाखवा."

मी फोन ठेवला. संध्याकाळी घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय गं, चेहरा का उतरलाय? मी सांगितलं. त्या ठमीला खांद्यावर थोपटत म्हणाल्या, "खरं बोलल्या त्या. आरशात बघणं वेगळं आणि कुणीतरी बघणं वेगळं."

त्यानंतर 'झेप' जी घसरली ती घसरतच गेली. आधी नट-नट्यांच्या घरातली स्वयंपाकघरं आली. मग चोऱ्या आल्या, कॅमेऱ्यात सापडलेल्या. आमचे जुने प्रेक्षक गेले आणि नवे आलेच नाहीत. ज्यांना चोऱ्या बघायच्या होत्या त्यांच्यासाठी इतर वाहिन्यांवर अधिक चांगले चोर होते. नाव पुन्हा बदललं, 'झेप टॉप टेन' झालं. बाण लांबला. बाई एक दिवस आपली शाल घेऊन 'धांडोळ्या'त परत गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "माहेरी चाललेय. तू मात्र इथला दिवा मालवून ये." बुधवारची वेळ एका गाण्याच्या स्पर्धेला दिली आणि आम्हाला शनिवारची दुपार मिळाली, जेव्हा लोक झोपलेले तरी असतात किंवा बाहेर तरी.

मी हे सगळं धावतपळतच पाहिलं. माझा अर्धा जीव घरी असायचा. दुपारी सामानाच्या खोलीत कडी लावून ठमीसाठी दूध काढायचं, बाटलीवर चिठ्ठी डकवून चहाच्या फ्रिजमध्ये ठेवायचं. मुनीने एकदा ती बाटली उचलून विचारलं होतं, चहाला घेऊ का? चिठ्ठी वाचल्यावर आठवडाभर त्याने माझ्याकडे नजर वर करून बघितलं नाही. काही काम मी घरी आणायचे. ठमी झोपली की तिच्या शेजारी जमिनीवर बसायचं, कानांना हेडफोन, एक कान मुद्दाम उघडा.

सोमवारचे फोन चालूच होते. आम्ही दोघी आता फक्त कार्यक्रमावर बोलत नव्हतो. ठमीला दात येतोय, तर काकूंनी विचारलं, चावते का? काकांना आता जिना उतरता येत नाही. आता नळी लावलीय, नाकाला. आता बोलताना थांबावं लागतं. प्रत्येक वेळी शेवटी एकच प्रश्न, या आठवड्यात आहे का? आणि माझं एकच उत्तर. त्या कधी चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. 'ताई'ची आता 'पोरी' झाले होते मी.

मग एका सकाळी साहेबांनी बोलावून सांगितलं, की येत्या शनिवारचा भाग शेवटचा. आवाज न चढवता त्यांनी सगळ्यांचे आभार मानले. मला 'धांडोळ्या'त घेणार होते. मुनी आधीच म्हणत होता, मला कुठेही टाका, खोल्या सगळीकडे असतात. लोक उठून गेल्यावर मी मागे थांबले.

"शेवटच्या भागात काय घालायचं ठरलंय?"

"जुनंच काहीतरी. वरचे दहा, त्यातले वरचे पाच." ते थकलेले दिसले. "का?"

"पट्टे मारणाऱ्या काकांची गोष्ट घालू द्या. सबंध."

"ती? शेवटी गप्प बसतात तीच ना?"

"हो."

"आणि यंत्राने पुन्हा कापलं तर?"

"तर कापलं जाईल. पण तोवरची तरी लागलेली असेल. साहेब, त्या माणसाकडे आता फार वेळ नाही."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. खाली चौक दिसत होता. "सगळ्यांना वाटतं, मला ती गोष्ट आवडली नाही," ते म्हणाले. "मला आवडली होती. घाला."

गोष्ट तयारच होती, पण हाती घेतल्यावर लक्षात आलं, की मधल्या काळात तिलाही झळाळी मिळाली होती. रंग उजळ, काकांचा शर्ट पांढराशुभ्र. आणि बोलण्यातली घरघर गेली होती. मुलगी मन लावून काम करणारी. तिने काकांचा श्वाससुद्धा वेचून वेचून काढला होता. ती शांतता मी लावून बघितली. काका समोर बसलेले, ओठ जरासे उघडे, आणि आवाज मुळीच नाही. जणू काचेमागे ठेवले होते.

मी मुनीला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी मूळ आवाज घेऊन घरीच आला. बूट दाराबाहेर काढून, पाय न वाजवता आत आला, कारण ठमी झोपली होती. सासूबाईंनी त्याला चहा दिला तोही कुजबुजत.

"नुसता खोलीचा आवाज घातला तरी यंत्र गप्प बसेल ना?" मी विचारलं.

"सांगता येत नाही," तोही कुजबुजला. "काकांची खोली मागच्या बाजूला. पंखा त्यांना सोसत नाही, म्हणून बंद होता. खिडक्याही लावलेल्या. इतकी निवांत खोली मी आजवर टिपली नाही. तिथे आवाज करणारं एकच होतं."

तो गेल्यावर मी हेडफोन लावला आणि मूळ शांतता ऐकली. श्वास आत जाताना दार करकरत होतं. मग थोडं काही नाही. मग बाहेर येताना पुन्हा करकर. मधल्या त्या 'काही नाही'त यंत्राचं बोट पाटीवर जाणार होतं, किंवा जाणार नव्हतं. तेवढ्यात मला जाणवलं, की माझा दुसरा, उघडा कान त्याच वेळी ठमीचा श्वास ऐकतो आहे. मूल झोपलं की घर शांत झालं असं लोक म्हणतात. आई त्या शांततेत नुसती बसलेली नसते. ती ऐकत असते, आहे ना, आहे ना. एक श्वास जरा लांबला की ती हात पुढे करते. मी ठमीच्या पोटावर हात ठेवला. ते वर आलं, खाली गेलं. मग मी काकांचे सगळे श्वास परत जागच्या जागी लावले, बोलण्यातले आणि न बोलण्यातले. शांतताही पूर्ण मिनिटाची केली, जुन्या मापाने.

प्रक्षेपणाच्या खोलीत बसणाऱ्या ताईंना मी आधी सांगून ठेवलं. त्या म्हणाल्या, "हे बघ, माझ्या हातात काही नाही. ऐकतं ते यंत्र, मी नाही. पण तुझ्या त्या काकांना सांग, मधे फार थांबू नका म्हणावं."

त्या आठवड्यात मीच काकूंना फोन केला. सोमवार नव्हता, म्हणून त्या घाबरल्या. "काय झालं गं?"

"या शनिवारी आहे, काकू. दुपारी."

काकू हळू आवाजात, फोन बाजूला धरून म्हणाल्या, "अहो, ऐकलं का?"

शनिवारी मी ठमीला घेऊन निघाले, तर सासूबाई चपला घालून तयार. "मी पण येते. इतके दिवस ऐकतेय, आता बघू दे."

काकांचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत माणसं दाटीवाटीने बसली होती. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ, त्यांची बायको, कोपऱ्यावरचा दुकानवाला, समोरच्या दोघी बहिणी. काकूंनी सगळ्यांच्या खुर्च्या आणून मांडल्या होत्या. काका मधोमध, नाकाला नळी, नवा शर्ट. चित्रीकरणातल्यापेक्षा निम्मे झाले होते. त्यांनी ठमीकडे बघून बोट पुढे केलं आणि तिने ते घट्ट धरलं.

"हीच का आत होती तेव्हा?" त्यांनी विचारलं, मधे थांबत.

"हीच."

"जिन्यावर हिने दमवलं होतं तुम्हाला."

गोष्ट सुरू झाली. बाईंचा जुना आवाज आला आणि सासूबाई मान हलवून म्हणाल्या, "हं, आता कसं." पडद्यावर काकांनी चित्रीकरणासाठी पुन्हा एकदा दोरी ताणली, खडूची रेघ मारली, जुन्या हाताखालच्या माणसांना रंग ओतायला लावला. खोलीतले काका डोळे बारीक करून बघत होते. एकदाच बोलले. "तो तिसरा पट्टा तिरका आहे."

"गप्प बसा हो," काकू म्हणाल्या. "आज कोणी मोजणार नाहीये."

मग ते वाक्य आलं, एखाद्याने एकदा बघितलं असतं तर. खोलीत कोणी काका-काकूंकडे वळून बघितलं नाही. सगळे समोरच बघत राहिले. आणि शांतता सुरू झाली.

पडद्यावर श्वास करकरला. खोलीतही करकरला, पण वेगळ्या वेळी. मला पडद्यावरचाच ऐकायचा होता आणि दोन्ही एकमेकांत मिसळत होते. समोरच्या बहिणींपैकी एकीने विचारलं, "आवाज गेला का?" तर सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. पडद्यावरचे काका बोलणं संपलेल्या माणसासारखे बसले होते. मग त्यांची नजर कॅमेऱ्यावरून सुटून कडेला, काकू उभ्या असतील तिथे गेली. एक श्वास आत गेला आणि बाहेर यायला वेळ लागला. फार वेळ लागला. ठमीचं पोट माझ्या हाताखाली होतं. मी निळ्या रंगाची वाट बघत होते. मग दार करकरलं. आणखी एकदा. आणि पुन्हा, आणि मिनिट संपलं, आणि नावं वर सरकायला लागली, उरलेल्या आम्हा थोड्यांची.

ती नावं अर्ध्यावर असतानाच पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात कडेने आत शिरली. 'झेप' संपल्याचं कोणी सांगितलं नाही. काकूंनी टीव्ही बंद केला.

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ घसा साफ करत म्हणाले, "पट्टे मारताना दाखवला तो आपल्या कोपऱ्यावरचा चौक ना?"

"तोच," काका म्हणाले.

"तो तुम्ही केलात?"

"दर दोन वर्षांनी. झिजतो तो. शाळा आहे ना पुढे."

"अहो, मी रोज जातो तिथून. बोलला नाहीत कधी?"

काकांनी श्वास घेतला, तो पुरा होईपर्यंत सगळे थांबले. "तुम्ही घाईत असता."

दुकानवाला हसला, मग गृहस्थही हसले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. निघताना मी बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून खाली बघितलं. गृहस्थ आणि त्यांची बायको घरात न जाता चौकात पोहोचले होते. सिग्नल मिळालेला होता, तरी ते पहिल्या पट्ट्यापाशी थांबून खाली बघत होते. मग त्यांनी बायकोला बोटाने तिसरा पट्टा दाखवला.

घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "तो काही तिरका नाही हं. मी नीट बघितला."

पुढच्या आठवड्यात मी 'धांडोळ्या'च्या मजल्यावर बसायला गेले. बाईंनी मला खिडकीजवळचं टेबल मिळवून दिलं होतं. फ्रिजही तिथे मोठा आहे. सामान लावत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"पोरी, मी बोलतेय."

"बोला काकू. काका कसे आहेत?"

"आहेत. काल तिघं जण भेटायला आले. एक तर ह्यांच्याबरोबर काम केलेला. जेवूनच गेला." मग म्हणाल्या, "काही काम नव्हतं गं. सोमवार होता, म्हणून केला."

"बरं केलंत."

आता विचारायचं काही उरलं नव्हतं आणि सांगायचंही. पण फोन त्यांनीही ठेवला नाही आणि मीही नाही. त्यांच्या मागे खोलीत दार करकरत होतं, आत, मग बाहेर. मी हातातलं सामान खाली ठेवलं आणि ऐकत राहिले.